पऱ्हाटी, वाख आणि राळ : वनस्पतिजन्य तंतूंपासून संमिश्र पदार्थ

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की पूर्णा–नांदेड लोहमार्गाच्या दोन्ही अंगांच्या काळ्या रानात एक ठरलेले दृश्य दिसू लागते. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाला लागतात. त्यांतील काही मोळ्या डोक्यावरून किंवा बैलगाडीतून घराकडे, चुलीकडे जातात. काही कुंपणाला लागतात. उरलेल्या ढिगाला उन्हाळ्यात कधी तरी काडी लावली जाते. पूर्णा तालुक्यातील चुडावा आणि त्याच्या परिसरातील कापूस पिकविणाऱ्या गावांना यात नवे असे काही वाटत नाही. पलीकडे नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या केळीच्या पट्ट्यात घड उतरवून घेतल्यावर उभे राहिलेले खोड हीसुद्धा अशीच एक अडगळ ठरते. ते तोडून बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला टाकले जाते आणि तेथेच कुजते.

अलीकडच्या काळात मात्र या दोन्ही वस्तूंविषयी ग्रामसभांतून वेगळ्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या आहेत. केळीच्या खोडातून धागा निघतो, पऱ्हाटीपासून लाकडासारखा फलक होतो, अंबाडीच्या वाखापासून मोटारीच्या दाराचे अस्तर बनते, असे सांगणारे प्रस्ताव पुढे येतात. त्यांबरोबर एखाद्या यंत्राचे माहितीपत्रकही असते. या गोष्टी खोट्या नाहीत. तथापि त्या जितक्या सोप्या सांगितल्या जातात तितक्या सोप्या नाहीत. गावाचा किंवा बचत गटाचा पैसा यंत्रात गुंतण्यापूर्वी त्यामागील शास्त्र समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

कुडाच्या भिंतीपासून वेरूळच्या गिलाव्यापर्यंत

दोन भिन्न गुणांचे पदार्थ एकत्र आणून, प्रत्येकाचे वेगळेपण कायम ठेवून, त्यांपासून दोहोंपेक्षा अधिक उपयुक्त असा तिसरा पदार्थ तयार केला म्हणजे त्यास संमिश्र पदार्थ म्हणतात. व्याख्या नवी वाटली, तरी वस्तू नवी नाही. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड उभा करून त्यावर शेणामातीचा लेप देणारा शेतकरी संमिश्र पदार्थच तयार करीत असतो. माती दाब सहन करते, पण ओढ लागताच तडकते. काडी ओढ सहन करते, पण एकटी उभी राहत नाही आणि वाऱ्यापावसाला अडवीत नाही. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांच्या भिंतींना गिलावा करताना पांढऱ्या मातीत गव्हाचा भुसा तुडवून काही दिवस मुरत ठेवण्याची जी पद्धत होती, तिचे कारणही हेच. भुशाच्या काड्या मातीतील बारीक भेगांना आरपार शिवून धरतात आणि भेग मोठी होऊ देत नाहीत.

याच विभागातील अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांत या तंत्राचा फार जुना पुरावा उपलब्ध आहे. अजिंठ्याची चित्रे ज्या मातीच्या गिलाव्यावर रंगविली आहेत, त्यात वनस्पतींचे तंतू, भाताचा कोंडा आणि गवताचे तुकडे मिसळलेले आढळतात. वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्या संशोधकांनी केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळले असल्याचे दाखवून देण्यात आले. अजिंठ्याच्या गिलाव्यातील वनस्पतिजन्य भाग कीटकांनी बराच खाल्ला आहे, वेरूळचा मात्र तुलनेने शाबूत राहिला, याचे श्रेय संशोधकांनी भांगेला दिले. तंतू कोणता निवडावा हा प्रश्न केवळ बळकटीचा नसून टिकाऊपणाचाही असतो, हे त्या कारागिरांनी ओळखले होते असे म्हणावयास हरकत नाही.

धागा भार वाहतो, राळ तो पोहोचविते

आधुनिक संमिश्र पदार्थांत मातीची जागा राळेने घेतली आहे. येथे राळ म्हणजे झाडाचा डिंक नव्हे, तर रासायनिक रीतीने तयार केलेला आणि उष्णतेने किंवा उत्प्रेरकाने घट्ट होणारा पदार्थ. फिनॉल-फॉर्मल्डिहाइड, युरिया-फॉर्मल्डिहाइड, पॉलिएस्टर, इपॉक्सी ही त्यांतील प्रमुख नावे. पॉलिप्रॉपिलीनसारखे उष्णतेने मऊ होणारे प्लास्टिकही या कामी वापरतात. राळेची कामे तीन : तंतूंना जागच्या जागी धरून ठेवणे, बाहेरून आलेला भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचविणे, आणि पाणी, ऊन, बुरशी यांपासून तंतूंचे रक्षण करणे. भार प्रत्यक्ष वाहतो तो तंतू. काँक्रीटमधील लोखंडी सळईशी ही तुलना बऱ्याच अंशी जुळते. फरक एवढाच, की येथे सळया हजारो असून केसाइतक्या बारीक असतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तंतू कितीही बळकट असला, तरी राळेने त्याला घट्ट धरले नाही तर तो भार वाहू शकत नाही. ओढताच म्यानातून सुरी निघावी तसा निसटतो. उलटपक्षी तंतू फार आखूड असेल, तर पकड चांगली असूनही पकडीला जागा अपुरी पडते. म्हणून तंतूची लांबी, त्याचा पृष्ठभाग आणि राळेशी होणारे त्याचे सख्य या तीन बाबींवर साऱ्या वस्तूचे भवितव्य अवलंबून असते.

वनस्पतीच्या तंतूत बळ येते ते सेल्युलोजमुळे. सेल्युलोजच्या लांब साखळ्या एकमेकींना चिकटून बारीक धाग्यांच्या जुड्या बनतात आणि लिग्निन व हेमिसेल्युलोज हे पदार्थ त्यांना सिमेंटासारखे बांधून ठेवतात. म्हणजे वनस्पतीचा तंतू हाच मुळात निसर्गाने घडविलेला एक संमिश्र पदार्थ होय. कापसाचा तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा असतो. काथ्यात मात्र चाळीस टक्क्यांच्या आसपास लिग्निन असते. त्यामुळे काथ्या ताणला तर पुष्कळ लांबतो, पण ताग किंवा घायपात यांच्या तुलनेने लवकर तुटतो. तागाच्या एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तंतूला तोडण्यास साधारणतः चाळीस ते ऐंशी किलो भार लागतो, तर काथ्याला तेरा ते बावीस किलो पुरतो. साध्या पोलादाला सुमारे चाळीस किलो लागतो. काचेचा तंतू मात्र दोनशे ते साडेतीनशे किलोपर्यंत टिकाव धरतो.

मग काचेचा तंतू असताना वाख कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे पहिले उत्तर वजनात आहे. काचेची घनता अडीच, तर वनस्पतीच्या तंतूंची दीडच्या आत. तेवढ्याच आकाराची वस्तू त्यामुळे हलकी होते, आणि गाडीत किंवा दारात हलकेपणाला किंमत असते. दुसरे, काच वितळविण्यास सुमारे १,४०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. वाख उन्हात वाळतो. तिसरे उत्तर कारखान्यातील कामगाराला विचारावे. काचतंतूची कुसळे कातडीत रुततात आणि श्वासावाटे घशाला खाज आणतात. अंबाडीच्या वाखाचा तसा त्रास होत नाही. वजनाच्या प्रमाणात पाहिल्यास ताग किंवा जवसाचा तंतू ताठपणात काचेच्या पुष्कळ जवळ येतो. बळकटीत मात्र तो मागे पडतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पाण्याची टाकी, होडी किंवा भार वाहणारी तुळई यांसाठी वनस्पतिजन्य तंतू पुढे करणाऱ्या प्रस्तावाकडे म्हणूनच सावधपणे पाहावे. भिंतीवरील फलक, छताखालचे आच्छादन, दाराचा आतील भाग, टेबलाचा पृष्ठ ही त्याची खरी क्षेत्रे होत.

कापूस आणि मोटारगाडी

या शतकभराच्या इतिहासात कापसाचा वाटा मोठा आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट तयार केले, तेव्हा नुसती राळ ठिसूळ होते म्हणून तीत लाकडाचा भुगा मिसळण्यात येई. पुढे सुती कापडाचे थर फिनॉलच्या राळेत भिजवून, दाबून त्यांपासून दातेरी चाके आणि विजेच्या खटक्यांचे तक्ते बनविले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲल्युमिनियमचा तुटवडा पडेल या भीतीने इंग्लंडमध्ये जवसाच्या तंतूंचे धागे फिनॉलच्या राळेत बांधून विमानाचा सांगाडा बनविण्याचे प्रयोग झाले.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र पूर्व जर्मनीचे आहे. पोलादी पत्र्याची टंचाई असल्यामुळे तेथील ‘ट्राबान्ट’ या छोट्या मोटारीचे बाह्य पत्रे कापसाच्या गिरण्यांतील टाकाऊ तंतू आणि फिनॉलची राळ दाबून तयार करण्यात येत. हा कापूस सोव्हिएत संघाकडून येई. १९५७ ते १९९१ या काळात अशा तीस लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांचे बाह्यांग गंजले नाही. पुढे मात्र ते ना वितळविता येई, ना सुखाने जाळता येई, आणि गाड्या मोडीत निघाल्यावर त्याचे करावयाचे काय ही अडचण झाली. तंतू कुजतो म्हणून त्यापासून बनलेली वस्तूही आपोआप कुजेल, हा समज किती चुकीचा आहे हे यावरून कळते. घट्ट झालेल्या राळेत कोंडलेला वाख मातीत मिसळत नाही. १९९० नंतरच्या दशकात जर्मन मोटार-उत्पादकांनी जवस, घायपात, अंबाडी यांचे तंतू दारांच्या आतील अस्तरासाठी मोठ्या प्रमाणावर घेतले, तेव्हा पुनर्वापर सुलभ व्हावा म्हणून पुष्कळ ठिकाणी पॉलिप्रॉपिलीनची निवड झाली.

पाणी हा खरा शत्रू

तागाच्या पूर्ण कोरड्या शंभर ग्रॅम तंतूत साध्या दमट हवेतील बारा-तेरा ग्रॅम पाणी शिरते. कापसातही आठ ग्रॅमच्या आसपास शिरते. पावसाळ्यात पिळलेला दोर ताठ होतो हे शेतकऱ्याला ठाऊकच असते, कारण हेच. सेल्युलोजला पाण्याची ओढ आहे, तर बहुतेक राळांना आणि प्लास्टिकला पाण्याचे वावडे आहे. अशा दोघांची पकड घट्ट व्हावी कशी? दमट हवेत तंतू फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. दर ऋतूत हे घडत राहिले म्हणजे तंतू आणि राळ यांच्यामध्ये फट पडते. त्या फटीतून आणखी पाणी शिरते आणि मागोमाग बुरशी येते.

यावर उपाय आहेत. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात तंतू बुडवून धुतला, की त्यावरील मेणचट थर आणि लिग्निन, हेमिसेल्युलोज यांचा काही अंश निघून जातो. पृष्ठभाग खरखरीत होतो आणि राळ चांगली धरते. कापसावर सोड्याची प्रक्रिया जॉन मर्सर या इंग्रज रंगाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शोधली. तिचाच हा विस्तार होय. प्लास्टिक वापरावयाचे असेल, तर दोहोंशी जुळते घेणारा तिसरा पदार्थ अल्प प्रमाणात मिसळतात. परंतु ही प्रक्रिया झाल्यावर उरणारे सोडामिश्रित पाणी कोठे सोडणार, याचे उत्तर प्रस्तावात बहुधा नसते. ओढ्यात सोडलेल्या सोड्याने खालच्या गावातील जनावरांचे पाणी बिघडते.

उष्णतेचीही मर्यादा आहे. दोनशे अंश सेल्सिअसच्या वर सेल्युलोज करपू लागतो, म्हणून त्याहून अधिक उष्णतेवर वितळणारे प्लास्टिक या कामाला चालत नाही.

सिमेंटाच्या बाबतीत तर अनुभव अधिक कडू आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत घायपाताचा किंवा अन्य वनस्पतींचा तंतू सिमेंटात घालून स्वस्त छपराचे पत्रे बनविण्याची मोहीम निघाली. पत्रे नवे असताना उत्तम दिसत. परंतु सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ओल लागताच ते तंतूतील लिग्निन आणि हेमिसेल्युलोज खाते. काही वर्षांतच तंतू ठिसूळ झाला आणि पत्र्यांना तडे गेले. अखेरीस मोठे पत्रे सोडून छोटी कौले करण्यात येऊ लागली आणि तंतू त्यांतून हळूहळू वगळला गेला. राखेसारखे पदार्थ मिसळून सिमेंटाची अल्कता कमी केली तर तंतू अधिक टिकतो. तरीही गरिबाच्या डोक्यावर छप्पर म्हणून अशी वस्तू बसविताना नमुन्याचे दोन पावसाळे पाहिल्याशिवाय घाई करू नये.

वाखाचे जुने जाणकार

अंबाडी, ताग आणि केकताड यांचा वाख काढण्याचे ज्ञान या भागात पूर्वापार होते. ज्वारी-कापसाच्या रानात कडेला अंबाडीच्या ओळी असत. पाल्याची भाजी होई, आणि पीक निघाल्यावर दांडे ओढ्याच्या डोहात भिजत घातले जात. दोन-तीन आठवड्यांत पाण्यातील जिवाणू सालीतील चिकट पदार्थ खाऊन टाकतात आणि साल दांड्यापासून सुटते. दांडे लवकर काढले तर वाखाला साल चिकटून राहते. उशीर झाला तर वाखच कुजू लागतो. नेमका दिवस ओळखणे ही अनुभवाची बाब होती. कासरे, दावी, चऱ्हाटे, मोटेचे नाडे वळण्याचे काम परंपरेने मुख्यतः मातंग समाजातील कुटुंबांकडे असे. मोट गेली आणि प्लास्टिकचा दोर आला, तेव्हा त्यांचा हा व्यवसाय बसला आणि त्याबरोबर तंतूची पारखही विस्मरणात जाऊ लागली. आज तंतुउद्योगाचे प्रशिक्षण आखताना या कुटुंबांतील वयस्क मंडळींना विद्यार्थ्यांच्या नव्हे, तर शिक्षकांच्या जागी बसविणे उचित ठरेल.

संमिश्र पदार्थ बनविणाऱ्या कारखान्याला जे हवे असते, तेच दोर वळणाऱ्याला हवे असे : एकसारखी लांबी, साल-माती नसलेला स्वच्छ तंतू आणि पूर्ण कोरडा माल. कारखाना त्यात चौथी अट घालतो, ती सातत्याची. यंदाचा माल आणि पुढील वर्षाचा माल सारखा हवा, आणि तो वेळेवर हवा. बहुतेक ग्रामीण तंतुउद्योग याच अटीवर अडखळतात.

केळीच्या खोडाचे उदाहरण घेता येईल. खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. शंभर किलो ओले खोड यंत्रातून काढले, तर हाती येणारा कोरडा धागा एक किलोच्या आसपास, कधी त्याहून थोडा अधिक. म्हणजे दिवसाला पन्नास किलो धागा हवा असेल, तर पाच टनांच्या आसपास खोड बागेतून उचलून यंत्रापर्यंत आणावे लागेल आणि तितकाच ओला चोथा तेथून हलवावा लागेल. यंत्र गावात बसवून खोडे तेथे वाहून आणण्यापेक्षा यंत्रच बागेत नेणे अनेकदा परवडते. काढलेला धागा त्याच दिवशी धुऊन वाळत घातला नाही, तर काळवंडतो. नवसारी येथील कृषी विद्यापीठाने खोडातील रसापासून द्रवरूप खत तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. चोथ्याचे गांडूळखत होते. धाग्याबरोबर ही दोन उत्पादनेही हिशेबात घेतली, तरच केळीच्या धाग्याचा व्यवहार जुळण्याची शक्यता असते.

पऱ्हाटीचा फलक

चुडाव्यासारख्या कापसाच्या गावाला अधिक जवळचा विषय पऱ्हाटीचा आहे. मुंबईतील माटुंगा येथे १९२४ साली स्थापन झालेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या विषयावर दीर्घकाळ काम करीत आली असून, पऱ्हाटीपासून कणफलक तयार करण्याचे तंत्र तिने विकसित केले आहे. पऱ्हाटीची घडण कठीण लाकडाशी मिळतीजुळती असते. तिचे लहान तुकडे करून, वाळवून, चाळून त्यांवर राळ फवारतात आणि उष्ण दाबयंत्रात ठेवून फलक दाबून काढतात. साल मात्र त्रास देते. कापूस आणि अंबाडी एकाच कुळातील वनस्पती असल्यामुळे पऱ्हाटीच्या सालीतही लांब तंतू असतात. ते यंत्राला गुंडाळतात आणि तुकड्यांचे गोळे होतात. फलकासाठी स्वस्तातली राळ म्हणजे युरिया-फॉर्मल्डिहाइड. तिच्यातून फॉर्मल्डिहाइड वायू दीर्घकाळ थोडा थोडा सुटत राहतो आणि ती ओलीला टिकत नाही. म्हणून असा फलक शाळेच्या कपाटाला चालेल, न्हाणीच्या दाराला नव्हे.

आता हिशेब पाहू. हेक्टरी साधारणतः दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. दिवसाला दहा टन कच्चा माल लागणारा लहानसा कारखाना वर्षातून तीनशे दिवस चालवावयाचा झाल्यास तीन हजार टन पऱ्हाटी लागेल. हेक्टरी दोनच टन हाती येते असे धरले, तर दीड हजार हेक्टरांवरील सगळी पऱ्हाटी गोळा करावी लागेल. ज्या गावात शंभर हेक्टर कापूस आहे, त्याचा वाटा वीस दिवसांचा. एकट्या गावाने कारखाना काढण्याचा विचार म्हणूनच व्यवहार्य नाही. गावाला करता येण्याजोगे काम निराळे आहे : पऱ्हाटी शेतातच यंत्राने बारीक करणे, वाळविणे, कोरड्या जागी साठविणे आणि ठरलेल्या दर्जाने पुरविणे. अख्खी पऱ्हाटी गाडीत भरली, तर गाडी दिसावयास भरते पण वजन भरत नाही आणि भाडे अंगावर येते. कांडी-कोळसा बनविणारेही हाच माल मागतात, त्यामुळे दराची चौकशी दोन्हीकडे करावी.

पऱ्हाटी रानातून वेळेवर हलविण्याला आणखी एक, कदाचित अधिक निकडीचे, कारण आहे. गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांतून तग धरते. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे अतोनात नुकसान केले. फरदड घेऊ नये, पऱ्हाटी वेळीच उपटावी आणि बांधावर रचून ठेवू नये, हा कृषी शास्त्रज्ञांचा आग्रह त्याचसाठी आहे. पऱ्हाटीला चार पैसे मिळू लागले तर हा सल्ला पाळण्यास शेतकऱ्याला बळ येईल. मात्र फलकाच्या आशेने अख्ख्या पऱ्हाट्यांच्या गंजी गावाशेजारी जूनपर्यंत उभ्या राहिल्या, तर अळीला आयती धर्मशाळा मिळेल. तुकडे करणे शेतातच व्हावे, याचे हेही एक कारण.

दोन हक्कदारांचा विचार येथे करावा लागतो. पहिली जमीन. मराठवाड्याच्या मातीत सेंद्रिय कर्ब कमी आहे, आणि पऱ्हाटी बारीक करून तिचे कंपोस्ट करणे किंवा ती मातीत मिसळणे हा जाळण्यापेक्षा केव्हाही चांगला मार्ग आहे. जेथे शेतकरी हे करीत आहे, तेथून पऱ्हाटी कारखान्याकडे वळविण्याची गरज नाही. दुसरी हक्कदार म्हणजे भूमिहीन घरातील स्त्री. तिच्या चुलीला पऱ्हाटी आजवर फुकट किंवा उपटणीच्या मोबदल्यात मिळत आली. ज्या दिवशी पऱ्हाटीला भाव येईल, त्या दिवशी हे सरपण बंद होईल. ग्रामसभेने ठराव करताना हा वाटा कसा राखावयाचा, किंवा गोळा करण्याच्या व तुकडे करण्याच्या कामावर पहिला हक्क कोणाचा, हे लिहून ठेवणे न्यायाचे होईल. जाळून जाणारी पऱ्हाटी तेवढी वापरात आणावयाची, चुलीतली नव्हे, अशी मर्यादा घालता येणे शक्य आहे.

परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेले आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ, तसेच नांदेडचे कापूस संशोधन केंद्र, ज्याने एके काळी गाजलेला ‘एन. एच. एच. ४४’ हा संकरित वाण दिला, ही दोन्ही ठिकाणे चुडाव्याहून रेल्वेने जाता येण्याजोगी आहेत. यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकावर विसंबण्यापूर्वी तेथील तज्ज्ञांना विचारण्यास फारसा खर्च येत नाही. विचारावयाचे ते नेमके विचारावे. तयार माल कोण घेणार आणि लेखी देणार काय? ओलीची मर्यादा किती? यंत्र दिवसाला किती तास चालेल, वीज कोणत्या वेळी मिळते, आणि पाते बोथट झाले तर धार लावणारा जवळ कोठे आहे? यंत्रे धूळ खात पडतात ती बहुतेक वेळा या शेवटच्या प्रश्नावर.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

हा विषय विद्यार्थ्यांना समजावून देण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. एक किलो कोरडी, चाळलेली माती घ्यावी. वाखाचे तीन-चार सेंटिमीटर लांबीचे तुकडे दहा ग्रॅम मोजून घ्यावेत. वाख न मिळाल्यास गोणपाटाचे धागे उसवून घ्यावेत. मातीत पाणी घालून चांगली तुडवावी आणि सुमारे तीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद व अडीच जाड अशी पाटी साच्यात पाडावी. एक पाटी वाखाची, दुसरी बिनवाखाची, तिसरी अर्ध्या सेंटिमीटरच्या आखूड तुकड्यांची. पांढरी माती आणि काळी माती दोन्ही घेऊन पाहाव्यात. काळ्या मातीची बिनवाखाची पाटी वाळतानाच भेगाळते, आणि प्रयोगाचा निम्मा धडा तेथेच मिळतो.

सावलीत आठ-दहा दिवस वाळल्यावर पाटी दोन विटांवर आडवी ठेवावी, मधोमध दोरीने डबा अडकवावा आणि त्यात पेल्या-पेल्याने पाणी ओतीत जावे. साधी पाटी एकाएकी मोडून डबा खाली पडतो. लांब वाखाच्या पाटीला आधी तडा दिसतो, ती वाकते, आणि तुटल्यावरही दोन्ही तुकडे तंतूंनी जोडलेले राहतात. मोडलेली कड भिंगाखाली न्यावी. तंतू अख्खे उपटून बाहेर आले असतील तर पकड कमी पडली. मध्येच तुटले असतील तर पकड पुरेशी होती. आखूड तुकड्यांच्या पाटीत बहुधा पहिलाच प्रकार दिसेल.

ओलीचा प्रयोग याहून सोपा. वाखाची जुडी कडक उन्हात दिवसभर वाळवून लगेच तोलावी आणि वजन फळ्यावर लिहून ठेवावे. पावसाळी दिवसात तीच जुडी व्हरांड्यात रात्रभर टांगून सकाळी पुन्हा तोलावी. वाढलेले वजन हे हवेतून आलेले पाणी. कारखान्याच्या काट्यावर हेच पाणी दरातून वजा होते.

पऱ्हाटीबाबत काम करण्याचा अवधी थोडा असतो. वेचणी संपल्यापासून मेअखेरपर्यंतचे कोरडे दिवस तेवढे हाती असतात. त्या आत तुकडे होऊन छपराखाली गेलेला माल वर्षभर टिकतो. बाहेर राहिलेला मृगाच्या पहिल्या सरीने भिजतो, काळा पडतो, त्यावर बुरशी चढते आणि मग त्याला कारखाना घेत नाही, चूलही घेत नाही.